चाकरमानी आणि गावची वेस

मुंबईत चाकरी करणाऱ्या आणि गावी ज्याची वाट पाहिली जाते अशा माणसाला कोकणात ‘चाकरमानी’ म्हणतात. इंदूर-बडोद्याकडील श्रोत्यांना हा शब्द कदाचित अपरिचित वाटेल. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मात्र त्यावाचून घरच्या गोष्टी पुऱ्या होत नाहीत. गणपतीला आणि शिमग्याला हा चाकरमानी मुलाबाळांसह गावी येतो. समुद्रकाठ पाहावयास येणारा तो पाहुणा नव्हे. बंद खोलीचे कुलूप काढणारा, देव्हाऱ्यापुढे हक्काने बसणारा तो घरचाच माणूस होय.

साथीच्या काळात हे नाते मोठ्या कसोटीस लागते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला, तेव्हा शहराची वस्ती सुमारे साडेआठ लाख होती. पुढील काही महिन्यांत त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली. गिरणीकामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा भरणा मोठा होता. त्यांची वाट समुद्राची. आगबोट हर्णै, जयगड, मालवण अशा बंदरांबाहेर उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत. गाडी-बोटीच्या उतारूंची तपासणी तेव्हाच सुरू झाली. १८९७ चा साथरोग कायदाही त्याच धास्तीतून जन्मला.

तोच कायदा १२३ वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये करोनासाठी पुन्हा बाहेर काढावा लागला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. परळ-लालबागेतील दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे कोंडून पडली. ‘एकमेकांपासून अंतर ठेवा’ असे त्यांना सांगण्यात येत होते. ते कोणत्या भिंतीत ठेवावे हे मात्र कोणी सांगत नव्हते. गावी मोकळे अंगण, विहीर आणि म्हातारे आईवडील. पाय तिकडे ओढ घेऊ लागले यात नवल ते काय?

पण गावकऱ्यांचे भयही खोटे नव्हते. वाडीत उरलेली माणसे बहुतेक वृद्ध. श्वास लागला तर प्राणवायूची सोय असलेले रुग्णालय तालुक्याच्या, नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी. त्यामुळे गावोगावी वाटांवर बांबू आडवे पडले, ग्रामकृती दले उभी राहिली आणि कशेडी घाटात व खारेपाटणला येणाऱ्यांची नोंद होऊ लागली. ज्याच्या मनिऑर्डरीवर घराची कौले चढली, त्यालाच वेशीवर थांबवण्याची पाळी आली. काही ठिकाणी कडू शब्दही उच्चारले गेले. ते दोन्ही बाजूंच्या मनात अजून असतील.

त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा गाठला. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात घरांची छपरे उडाली. पिढ्यांनी वाढवलेल्या नारळी-पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. आता गावी जाणे ही केवळ ओढ राहिली नाही. पाऊस तोंडावर होता आणि घर उघडे होते.

गणपती त्या वर्षी २२ ऑगस्टला होते. विलगीकरणाचे चौदा दिवस कमी करून दहा करण्यात आले आणि १२ ऑगस्टपर्यंत पोचण्याची मुदत ठरली. त्यानंतर येणाऱ्याला अठ्ठेचाळीस तासांतील चाचणीचा दाखला आवश्यक झाला. खासगी मोटारीला ई-पास लागे, एस.टी.च्या प्रवाशाला तो माफ होता, पण एका गाडीत माणसे बावीसच. हिशेब सरळ होता. बाराला पोचणाऱ्याचे दहा दिवस एकवीसला संपत आणि बावीसला चतुर्थी. परंतु नोकरी टिकवून पंधरा-वीस दिवसांची रजा मिळवणे हे त्या टाळेबंदीच्या वर्षात प्रत्येकाला कोठून साधणार? कित्येक घरांत एकानेच जायचे, बाकीच्यांनी मुंबईतच हात जोडायचे, असे ठरले.

जे पोचले त्यांतील अनेकांचा पहिला मुक्काम मराठी शाळेत पडला. ज्या वर्गात बापाने बाराखडी गिरवली, त्याच वर्गात आता त्याची मुले सतरंजी पसरून निजली. आजी डबा घेऊन येई, पायरीवर ठेवी आणि दहा पावले मागे सरून उभी राही. नातवंडे खिडकीतून बोलत. ती काय जेवली, कोणाला ताप तर नाही ना, एवढेच पुन्हा पुन्हा विचारले जाई. पावसाचा जोर असला की तेही नीट ऐकू येत नसे.

गावी आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचे आणि मग त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचे, ही कोकणातली जुनी रीत आहे. त्या वर्षी ती दहा दिवस उशिरा झाली. पाण्याच्या तांब्याशेजारी साबणाची वडी होती. मुले आत गेली, तेव्हा माटवी बांधायची अजून राहिली होती.