निवडणुकीचा प्रचार आणि आपला विवेक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही संकोचाने मान्य केली. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढे अध्यापनाची पदविका तेवढी. तथापि प्राथमिक शिक्षकाच्या कपाळी निवडणुकीचे काम लिहिलेलेच असते. मतदाराच्या बोटाला शाई लावण्यापासून केंद्राध्यक्षाच्या जबाबदारीपर्यंत सर्व कामे आम्ही केली आहेत. मतदार पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाई, तेव्हा तो अगदी एकटा असे. परंतु त्याचे मत त्या आडोशामागे तयार होत नसे. ते त्यापूर्वी कित्येक दिवस कोणीतरी घडवीत असे. ते कसे घडविले जाते, याविषयी आज बोलावयाचे आहे. कोणत्याही पक्षाची बाजू घेण्यासाठी आम्ही उभे नाही, हे आरंभीच सांगतो.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. सुमारे सतरा कोटी मतदार, आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी निराळी पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविण्यात आले. काँग्रेसची बैलजोडी, कोणाची झोपडी, कोणाची पणती. शेतकऱ्याच्या घरी बैलजोडी असतेच. ती ओळखण्यास अक्षरांची गरज पडत नाही. थोडक्यात सांगणे आणि ओळखीच्या वस्तूवरून सांगणे, हा प्रचाराचा पहिला धडा तेथेच गिरविला गेला.

पुढे संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले. आचार्य अत्रे यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये ‘मराठा’ दैनिक सुरू केले, आणि काही महिन्यांतच १९५७ ची निवडणूक आली. एकीकडे दैनिकाचे अग्रलेख, दुसरीकडे अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांची डफावरची थाप. मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने सत्ताधाऱ्यांना जबर हादरा दिला. प्रचार म्हणजे केवळ लबाडी नव्हे, हे ध्यानी यावे म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले. लोकांच्या अंतःकरणातील खरी व्यथा शब्दांत मांडणे, हाही प्रचारच होय.

१९७१ साली ‘गरीबी हटाओ’ या दोन शब्दांनी इंदिरा गांधींच्या पक्षास लोकसभेत ३५२ जागा मिळवून दिल्या. १९७७ पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांस भाषणासाठी वेळ मिळू लागला. २००४ साली ‘इंडिया शायनिंग’ची झगमगती जाहिरातबाजी झाली, पंतप्रधान वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित आवाज दूरध्वनीवरून घरोघरी पोहोचला. तरीही सत्तांतर झाले. ज्याच्या शेतात पाणी नाही, त्याला देश उजळल्याचे सांगून पटत नाही. २०१४ साली नरेंद्र मोदी यांची त्रिमितीय प्रतिमा एकाच वेळी अनेक गावांत भाषण करू लागली, आणि त्या वेळी घोषणेने यशही दिले. २०२४ साली ‘चारसौ पार’ची घोषणा झाली, विरोधकांनी तिचाच अर्थ ‘संविधान बदलणार’ असा लावून गावोगाव नेला, आणि सत्ताधारी आघाडी २९३ वर थांबली. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या राज्यात ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १५०० रुपये आणि त्यासंबंधीची घरोघर पोहोचलेली जाहिरात यांचा बोलबाला झाला. विरोधकांनी ३००० चे आश्वासन दिले. पण हाती पडलेली रक्कम आणि कागदावरची रक्कम यांतला फरक भगिनींना शिकवावा लागत नाही. लोकसभेच्या वेळी महाविकास आघाडीस ४८ पैकी ३० जागा देणाऱ्या महाराष्ट्राने सहा महिन्यांत कौल पालटला. तेव्हा मतदार मूर्ख आहे, असे कोणी समजू नये.

मग काळजी कशाची? काळजी अशी की, पूर्वीचा प्रचार उघड्यावर होता. भोंगा लावलेली जीप गावात आली की, मुले बिल्ल्यांसाठी तिच्यामागे धावत; पण कोण काय बोलतो, हे साऱ्या गावाला ऐकू येई. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे कायद्याने बंधनकारक आहे. आज मतदारयादीच्या एकेका पानासाठी कार्यकर्ता असतो, एकेका केंद्रासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा गट असतो. एका आळीला एक गोष्ट सांगितली जाते, दुसरीला नेमकी उलट. आणि संदेशाखाली मुद्रकाचे नाव नसते. मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास सभाबंदी असते. पण खिशातली सभा रात्रभर चालते. विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे. पक्षाच्या खर्चास मर्यादाच नाही. वृत्तपत्रेही निर्मळ राहिली नाहीत. २००९ च्या आपल्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातमीच्या रूपात जाहिराती छापल्याचे प्रकरण गाजले. आता तर न बोललेले शब्द माणसाच्या तोंडी घालणारी यंत्रे आली आहेत. अशी बनावट चित्रफीत निदर्शनास येताच पक्षांनी तीन तासांत काढून टाकावी, असे निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्ये बजावले. परंतु तीन तासांत ती किती घरे फिरून येते, याचा हिशेब कोण ठेवणार?

हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हे आता सांगणे प्राप्त आहे.

मागील एका निवडणुकीच्या वेळी आमच्या भ्रमणध्वनीवर एक चित्रफीत आली. एक उमेदवार भाषणात म्हणत होता की, या ज्ञातीच्या मतांची आम्हांस गरज नाही. आमचे रक्त तापले. वर ‘ज्ञातीचा अपमान! बंधूंनो, जागे व्हा!’ असे लिहून आम्ही ती मंडळाच्या गटावर धाडली. आपल्यातलाच एक तरुण त्या उमेदवाराचे काम करीत होता. दोन दिवसांत त्याच्या किराणा दुकानाकडे आपली माणसे फिरकेनाशी झाली. चौथ्या दिवशी त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता. मांडवातल्या अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहिल्या. त्यांतील एक आमची होती.

आठवड्याने एका जुन्या सहकाऱ्याने संपूर्ण भाषण ऐकविले. ‘आमचे विरोधक असे म्हणतात’ हे आधीचे वाक्य, आणि ‘पण मी हात जोडून तुमच्या दारी आलो आहे’ हे पुढचे वाक्य कापून टाकलेले होते. मतदान तोवर होऊन गेले होते. आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. त्याच्या मातोश्रींनी चहा केला आणि एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही पाठवलं, म्हणून लोकांनी खरं मानलं.”

बंधुभगिनींनो, ते वाक्य आम्हांस अद्याप सोडीत नाही. कोण्या अनोळखी माणसास आमचे पैसे नको होते. आमचे मतही एकच. त्याला हवे होते ते ‘गुरुजी’ हे नाव आणि त्या नावावरचा तुमचा विश्वास. आम्ही दोन्ही फुकट दिले. गटावर क्षमा मागितली. परंतु चित्रफीत पुढे पाठविणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी क्षमापत्र पुढे पाठविले. आज या सभेत पुन्हा एकदा त्या कुटुंबाची जाहीर क्षमा मागतो.

यावरून मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, मंडळाने कोणाही उमेदवारास पाठिंब्याचे पत्र देऊ नये. जातीच्या नावाने मत मागणे हा १९५१ च्या कायद्याने भ्रष्ट आचार ठरतो, आणि त्यात मतदाराची जातही येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. आपले मंडळ विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांसाठी आणि वधूवरांच्या मेळाव्यासाठी आहे. मतांची गठडी बांधण्यासाठी नाही. दुसरी, या स्मरणिकेत पुढाऱ्यांच्या शुभेच्छा छापल्या जातात. खजिनदार म्हणतील, त्या पानांवरच पारितोषिके चालतात. ते खरे आहे. मग त्या अवश्य घ्याव्यात. पण सर्वांना एकच दर असावा आणि वर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक छापावा. तिसरी, ज्या संदेशाचा कर्ता ठाऊक नाही, तो गटावर कोणी टाकू नये; आणि कोणी टाकलाच, तर त्याचे वय वा मान न पाहता प्रश्न विचारावा. आमचे वयही पाहू नये.

शाळेत आम्ही मुलांना सांगत असू : उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न दोनदा वाचा. तोच धडा म्हातारपणी आम्हांस नव्याने गिरवावा लागला. आपणांस तो आमच्या खर्चाने मिळावा, एवढीच इच्छा.