पाण्याचा भार आणि निर्णयाचा अधिकार



उरण तालुका समुद्र आणि खाड्यांच्या कुशीत वसलेला आहे. पावसाळ्यात येथे मुबलक पाऊस पडतो. परंतु त्यातील बहुतांश पाणी समुद्रास मिळते, आणि खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. म्हणूनच महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे रानसई धरण हा या तालुक्याचा मोठा आधार ठरला. उरण शहर, अनेक ग्रामपंचायती आणि कारखाने या सर्वांची तहान ते भागविते. तथापि गाळामुळे धरणाची साठवण घटली आहे. उन्हाळ्यात पाणीकपात करावी लागते आणि हेटवणे धरणाच्या पाण्याची जोड घ्यावी लागते.

या कपातीची झळ घरात कोणास लागते, हा खरा प्रश्न होय. जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. पाच माणसांच्या कुटुंबास त्याप्रमाणे २७५ लिटर पाणी लागेल. नळ कोरडा पडला, तर १५ लिटरचे अठराहून अधिक हंडे भरावे लागतील. ते बहुधा गृहिणीच्या डोक्यावर येतात आणि कळशी मुलीच्या कमरेवर. गृहिणीची मजुरी बुडते, मुलीची शाळा चुकते. आणि या श्रमाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही.

पाणी हा हक्काचा प्रश्न आहे, हे याच जिल्ह्याने देशास शिकविले. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून समतेचा उद्घोष केला. पुढे मुंबईत श्रीमती मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी स्त्रियांची शक्ती संघटित केली आणि जनतेने त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. जी पाणी भरते, तिला पाण्याविषयी बोलता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

आज कायदा तिच्या बाजूस आहे. २०११ पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. गावच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि पाण्याच्या तपासणीसाठी प्रत्येक गावात पाच महिलांना प्रशिक्षण द्यावे, असे मिशनचे धोरण आहे. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याचीही तरतूद आहे. परंतु सभेचा ठराव आधीच लिहून ठेवायचा आणि भगिनींच्या सह्या तेवढ्या घ्यायच्या, असे जेथे घडते तेथे समता कागदावरच राहते.

अधिकाऱ्यांनी योजनेचा आराखडा महिला सभेपुढे मांडावा. नळकोंडाळे कोठे हवे, पाणी किती वाजता सोडावे, हे त्यांना विचारावे. शिक्षकांनी उन्हाळ्यातील मुलींची गैरहजेरी पंचायतीस कळवावी. सदस्यांनी विहिरीत व टाकीत क्लोरीन पडते की नाही, हे प्रशिक्षित भगिनींकडून तपासून घ्यावे आणि निष्कर्ष फलकावर लावावा.

यास मोठा निधी लागत नाही, इच्छा लागते. घराघरांत शुद्ध पाणी पोहोचविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. आणि घरातील हंडा स्त्री-पुरुष दोघांनी उचलणे, हे समाजाचे.