न दुखणारी जखम
(रौप्यमहोत्सवी आरोग्य कार्यक्रमात सभासदांपुढे केलेले भाषण)



डायबिटीसमध्ये काय खावं, यावर तुम्ही भरपूर ऐकलंय. मी फक्त पायांवर बोलणार आहे.

अंगारकीला सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तळव्याला फोड आला की तो दुखतो, मग माणूस लंगडतो आणि त्या जागेवर भार टाकत नाही. पण बरीच वर्षं डायबिटीस असलेल्यांच्या पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. त्यांना फोड कळतच नाही. ते तसेच स्टेशनला जातात, भाजी आणतात आणि फोडाची खोल जखम होते. "दुखत नाही, मग कशाला डॉक्टर?" या वाक्यापायी पाय कापायची वेळ येते.

हे नीट उमगलं ते कुष्ठरोगावरच्या कामातून. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की कुष्ठरुग्णांचे पाय आपोआप झडत नाहीत. जाणीव नसल्याने तीच जागा पुन्हा पुन्हा दाबली जाऊन फुटते. आपल्या जवळच, वडाळ्याला, १८९० पासूनचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरुग्णालय आहे. कुष्ठरुग्णांना देतात ती मऊ एम.सी.आर. रबराची चप्पल डायबिटीसवाल्यांनाही देतात. नाकं मुरडू नका, ती वापरा.

म्हणूनच नुसत्या ड्रेसिंगने भागत नाही. प्लास्टर किंवा खास बूट देऊन जखमेवरचा भार काढावा लागतो, पायाचा रक्तपुरवठा तपासावा लागतो. लाली, सूज, घाण वास, काळा डाग यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा घ्या, नाहीतर नातवंडांना सांगा, त्यांची नजर चांगली असते! कुरूप ब्लेडने कापू नका, गरम पाण्याची पिशवी लावू नका. घरातही चप्पल हवी, आणि घालण्याआधी आत हात फिरवून बघा. हिंदमाताच्या पाण्यातून आलात तर पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. जखम असेल तर लेप्टोच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि नवस असला तरी देवळाच्या दारापर्यंत चप्पल घालूनच जा. बाप्पा रागावत नाही.

ऑफिसातल्या टेबलावर १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा ठेवलाय. डोळे मिटून बसायचं आणि धागा तळव्याला कुठे लागला ते सांगायचं. चहा नंतर घ्या, आधी चपला काढून एकेक जण या.