डोंगर खाली येण्याआधी

(पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या मेळाव्यातलं भाषण)



सकाळपासून आपण दावे, मोजणी, अपील यावर बोललो. आता पावसावर बोलायचंय. विषय बदलला असं समजू नका. हा पण जमिनीचाच विषय आहे.

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण, आपल्या महादेव कोळ्यांचं गाव. सकाळी डोंगर घसरला. एस.टी.चा ड्रायव्हर गाडी घेऊन आला तर गाव जागेवर नव्हतं. १५१ माणसं गेली. १९ जुलै २०२३. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, ठाकरांची. रात्री माणसं झोपलेली असताना दरड आली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाडीला रस्ता नव्हता, त्यामुळे मशीन वर जाईना. माती हातानं उपसावी लागली. नंतर सरकारनं सांगितलं, धोक्याच्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नावच नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असं नाही. डोंगर यादी वाचून खाली येत नाही.

लोक विचारतात, तुम्ही असल्या जागी राहताच कशाला? आम्ही हौसेनं राहत नाही. खालची सपाट जमीन कुठं सावकाराकडं गेली, कुठं धरणात गेली, आता फार्महाऊसवाले घेतायत. उरलेल्यावर जंगल खात्याची हद्द. मग माणूस उतारावरच राहणार ना? सुरक्षित जागा नसणं हीच आपली आपत्ती आहे, पाऊस नंतर येतो.

डोंगर अचानक येतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा आधी खुणा देतो. खडकावरची माती आणि मुरूम पाणी पिऊन जड होतात आणि खडकावरून सरकतात. उताराचा पाया रस्त्यासाठी नायतर सपाटीकरणासाठी तोडला असेल, तर आणखी लवकर. म्हणून बघत राहा: वरच्या अंगाला जमिनीला नवी भेग पडली का? सरळ झाड, विजेचा खांब कलला का? झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं का, नव्या जागी पाणी फुटलं का? घराचं दार अडकायला लागलं का? रात्री दगड गडगडले का? यातलं काहीही दिसलं तर पंचनाम्याची वाट बघायची नाही. पोरं-म्हातारी उचलायची आणि बाहेर पडायचं. ओढ्याच्या वाटेनं नाही, बाजूला.

पण पळून किती रात्री काढणार? म्हणून प्रत्येक पाड्यानं पाऊस लागायच्या आत ग्रामसभा घ्यावी. त्याआधी जुनी जाणती माणसं आणि तरुण पोरांनी मिळून वरचा डोंगर चालून यावं. भेगा, पाणी, तोडलेला उतार, सगळं कागदावर मांडावं. ठराव करून तहसीलदार आणि कलेक्टरला द्यावा, पोच घ्यावी. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्यात जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर असतो. जाणकारांकडून डोंगराची तपासणी मागायची ती त्यांच्याकडेच.

दुसरं, वन हक्क कायदा २००६, कलम ३(२). ग्रामसभेनं शिफारस केली तर रस्ता, शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर यासाठी जंगल जमीन मिळते, प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत. मग सुरक्षित जागी समाजमंदिर मागू या, पावसाच्या रात्री सगळा पाडा तिथं झोपेल. रस्ता मागू या. अनुसूचित क्षेत्रात तर राज्यपालांनी २०२० साली घरांच्या जागेचीही सोय केली. पण रायगडातल्या कितीतरी ठाकर-कातकरी वाड्या त्या क्षेत्राच्या बाहेर आहेत. त्यांनाही हीच सोय द्या, ही आपली मागणी आहे.

आता सावध राहायची गोष्ट. उद्या कुणी येईल आणि म्हणेल, तुमची वाडी धोकादायक आहे, सही करा, उठा. अंगठा द्यायची घाई करू नका. त्याच कायद्याचं कलम ४(५) सांगतं की हक्काची मान्यता आणि पडताळणी पुरी होईस्तोवर वन जमिनीवरून कुणाला काढता येत नाही. घर हलवायला आम्ही तयार आहोत. पण दळी आमची, जंगल आमचं, मोहाची झाडं आमची, ती सोडणार नाही. नवी जागा शेतापासून चालत जाता येईल एवढ्यावर पाहिजे आणि ती ग्रामसभेनं बघितलेली पाहिजे. नव्या माळीणमध्ये पहिल्याच पावसात रस्ते खचले होते, हे विसरू नका.

मेल्यावर मिळणाऱ्या मदतीचा चेक आम्हाला नको. जिवंतपणी सुरक्षित जागा पाहिजे. गेल्यावर आपापल्या पाड्यात ग्रामसभेची तारीख धरा आणि ठरावाची एक प्रत संघटनेकडं पाठवा. सगळे ठराव एकत्र घेऊन आपण कलेक्टर कचेरीवर जाणार आहोत.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!