वनस्पतींचा पहारा



आपल्या अंगात रोगजंतू शिरले, की रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धावून जातात. वनस्पतीला रक्त नाही आणि धावून जाणाऱ्या पेशीही नाहीत. मग गव्हाचे रोप तांबेऱ्याशी झुंजते कसे? उत्तर असे, की तिथे प्रत्येक पेशी आपला पहारा आपणच करते.

हा पहारा दुहेरी आहे. पहिला पेशीच्या आवरणावर. तेथील ग्राही प्रथिने रोगजंतूंच्या अंगची ठरावीक खूण ओळखतात आणि पेशीला सावध करतात. परंतु चलाख रोगजंतू स्वतःची प्रथिने पेशीत सोडून हा पहारा निकामी करतात. अशा वेळी आतला दुसरा पहारेकरी कामी येतो. गव्हातील एसआर३५ हे असेच एक प्रथिन. त्याची रचना २०२२ साली उलगडली. तांबेऱ्याच्या बुरशीचे विशिष्ट प्रथिन सापडताच त्याचे पाच रेणू चाकासारखे जुळतात, त्या चाकातून पेशीत कॅल्शियम शिरते आणि अखेर ती पेशी मरते. तांबेरा जिवंत पेशीवरच पोसतो. पेशी मेली की त्याची उपासमार होते. थोड्या पेशी जातात, रोप वाचते.

मात्र या पहाऱ्याला एक मर्यादा आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ एच. एच. फ्लोर यांनी १९४०च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर प्रयोग करून दाखविले, की रोपातील एकेका प्रतिकारक जनुकाची रोगजंतूतील एकेका जनुकाशी जोडी असते. म्हणजे बुरशीने आपली तेवढी एक खूण बदलली, की पहारेकरी फसला! राय या धान्यातून गव्हात आणलेल्या एसआर३१ या जनुकावर अनेक देशांची भिस्त होती. १९९८ साली युगांडात त्याला न जुमानणारा तांबेरा आढळला. ‘यूजी९९’ या नावाने ओळखला जाणारा हा तांबेरा पुढे केनिया, इथिओपिया, येमेन आणि इराणपर्यंत पोहोचला.

यावर उपाय कोणता? एकावर विसंबू नये, हाच. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह पाच प्रतिकारक जनुके गव्हात एकाच ठिकाणी गुंफून दाखविली. पाचही पहारे एकाच वेळी चुकविणे बुरशीला फार अवघड.

मित्रहो, तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या गव्हाच्या पानावर कधी कधी सुकलेले बारीक ठिपके दिसतात. त्यांना रोगाची सरशी समजू नका. रोपाच्या पेशींनी तिथेच रोगाची वाट अडविलेली असते. आपल्या ताटातील भाकरी-पोळीला त्या ठिपक्यांचाही आधार आहे.