प्रशांत महासागरातील माणसे आणि त्यांचे रंगरूप

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी आमच्यासारख्या सरकारी नोकराने प्रशांत महासागरातील बेटवासीयांच्या शरीररचनेवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्ही मानवशास्त्राचे पंडित नव्हे, बी. ए.पर्यंतचे शिक्षण आणि पुढे जमेल तसे वाचन, एवढीच आमची शिदोरी. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगावी बदल्या होत असता, माणसाचा चेहरा पाहून त्याचा प्रांत, जात आणि योग्यतासुद्धा ठरवून टाकण्याची आपल्या लोकांची सवय आम्ही पुष्कळ पाहिली आहे. त्या सवयीची परीक्षा घ्यावयाची तर या महासागराइतके योग्य क्षेत्र दुसरे नाही, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम नावांचा विचार करू. इ. स. १८३२ मध्ये द्युमाँ द्युर्व्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यातून या बेटांची पॉलिनेशिया, मायक्रोनेशिया व मेलानेशिया ही विभागणी रूढ झाली. पॉलिनेशिया म्हणजे अनेक बेटे, मायक्रोनेशिया म्हणजे लहान बेटे. ही दोन नावे भूगोलावरून आली. मेलानेशिया हे नाव मात्र माणसांच्या कातडीवरून पडले. त्याचा अर्थ काळ्यांची बेटे. हवाई, ताहिती, सामोआ येथील उंच, भरदार, गव्हाळ वर्णाचे लोक श्रेष्ठ आणि सॉलोमन बेटे, न्यू गिनी इकडचे कृष्णवर्णी लोक कनिष्ठ, अशी प्रतवारीही द्युर्व्हिलने लावून दिली. ही प्रतवारी नुसती ग्रंथात राहिली नाही. १८६३ ते १९०४ या काळात सुमारे ६२,००० बेटवासी, बहुतांशी मेलानेशियातील, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांवर नेण्यात आले. कित्येकांना फसवून, कित्येकांना बळजबरीने. पुढे १९०१ साली कायदा करून त्यांच्यापैकी बहुतेकांना परत घालवून देण्याची व्यवस्था झाली. कागदावर ओढलेल्या रेषेचे परिणाम कोठवर पोचतात, हे यावरून दिसेल.

आता ती रेषा कितपत खरी होती ते पाहू. मेलानेशिया म्हणून ज्यांना एकत्र बांधले, त्यांच्यातच केवढे वैचित्र्य आहे! बोगनव्हिल बेटावरील लोकांचा वर्ण जगातील अतिकृष्ण वर्णांत मोडतो, तर शेजारच्या बेटांवर तो पुष्कळ उजळ आढळतो. न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील कित्येक जमाती बुटक्या व काटक आहेत. फिजीचे लोक नकाशात मेलानेशियात पडतात, परंतु बांध्याने आणि रीतिरिवाजाने टोंगाशी त्यांचे जवळचे नाते दिसते. सॉलोमन बेटांत तर काळ्याभोर चेहऱ्यावर सोनेरी केस असलेली मुले सर्रास दिसतात. शेकडा पाच ते दहा लोकांचे केस तसे असतात. कोणी म्हणे हा युरोपीय खलाशांचा वारसा, कोणी म्हणे उन्हाचा आणि खाऱ्या पाण्याचा परिणाम. २०१२ साली शास्त्रज्ञांनी त्याचे कारण शोधून काढले. एका जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे हा रंग येतो, आणि तो बदल युरोपात आढळत नाही. निसर्गाने तेथे स्वतंत्रपणे घडविलेली ती गोष्ट आहे.

या विषयात एका विद्वानाचे चरित्र आम्हांस विशेष चटका लावून गेले. ते रांगी हिरोआ, अर्थात सर पीटर बक. आई माओरी, वडील आयरिश, पेशा वैद्यकाचा. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली माओरी सैनिकांबरोबर जहाजाने मायदेशी परतत असता त्यांनी चारशेहून अधिक सैनिकांच्या शरीराची मोजमापे घेतली. पुढे १९३६ पासून १९५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते होनोलुलूच्या बिशप म्युझियमचे संचालक होते. परंतु एवढ्या योग्यतेच्या पुरुषास अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकले नाही, कारण तेथील वंशविषयक नियमांत पॉलिनेशियन मनुष्य बसत नव्हता. १९२३ साली भगतसिंग थिंद या आपल्या देशबांधवास तेथील सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखाली नागरिकत्व नाकारले होते, हे येथे आठवते. आणि तरीही नवल असे की, आपले पूर्वज मेलानेशियाला वळसा घालून मायक्रोनेशियाच्या वाटेने आले, असेच बक यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. प्रतवारीचा जाच ज्यांनी सोसला, त्यांच्या विचारातूनही ती पुरती गेली नव्हती.

पुढील संशोधनाने ती वाट खोटी ठरविली. न्यू कॅलेडोनियातील लापिता येथे १९५२ साली ठिपक्यांची नक्षी असलेली खापरे उत्खननात मिळाली. तशीच खापरे बिस्मार्क द्वीपसमूहापासून थेट टोंगा व सामोआपर्यंत सापडतात आणि ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे पॉलिनेशियनांचे पूर्वज मेलानेशियातूनच पुढे गेले. त्यांचे मूळ तैवानच्या बाजूचे. मलाय, सामोअन आणि हवाईयन या तिन्ही भाषांत ‘पाच’ या संख्येस ‘लिमा’ हाच शब्द आहे. आजच्या पॉलिनेशियनांत आईकडील वंशरेषा बहुतांशी आशियाई असून वडिलांकडील रेषांत न्यू गिनीच्या बाजूचा वाटा मोठा आहे.

त्यांच्या भरदार शरीराविषयीही मतमतांतरे आहेत. उघड्या होडीत भिजत, वारा खात आठवडेच्या आठवडे काढावयाचे तर मोठ्या देहाचीच ऊब टिकते, असे फिलिप हॉटन यांचे म्हणणे. २०१६ साली सामोअन लोकांत जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आढळला. तो तेथे सुमारे एकचतुर्थांश प्रमाणात असून प्रशांत महासागराच्या बेटांबाहेर जवळजवळ नाही. त्याने वजन वाढते, परंतु मधुमेहाचा धोका मात्र कमी होतो. तेव्हा आजच्या बेटांवरील मधुमेहाचे खापर केवळ रक्तावर फोडता येत नाही. डबाबंद मांस, साखर आणि आयात पिठाचाही विचार करावा लागतो.

सर्वांत बोलका पुरावा वानुआतूचा आहे. तेथील तेओउमा येथे लापिता काळातील दफनभूमी सापडली. तेथील अस्थींतून काढलेल्या जनुकद्रव्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ती पहिली माणसे जवळजवळ पूर्णपणे आशियाई वंशाची निघाली. त्यानंतर काही शतकांतच बिस्मार्ककडून कृष्णवर्णी लोक येत राहिले आणि आजचे वानुआतूवासी मुख्यतः त्यांचे वंशज आहेत. परंतु भाषा? ती मात्र पहिल्या दर्यावर्दींच्याच कुळातील राहिली. रक्त बदलले, चेहरे बदलले, भाषा टिकली. कारण नव्याने आलेल्यांनी ती आपली म्हणून उचलली आणि मुलांच्या तोंडी घातली.

मंडळाच्या पन्नास वर्षांच्या संदर्भात आम्हांस हा दाखला फार मोलाचा वाटतो. तंजावरकडे इ. स. १६७६ च्या सुमारास गेलेल्या मराठी घराण्यांतून आजही मराठी बोलली जाते. ती त्यांच्या नाकाडोळ्यांतून उतरली नाही, ती घराघरांतून बोलली गेली म्हणून राहिली. आपल्या मंडळातही परप्रांतीय सुना-जावई येतात, त्यांची मुले बालनाट्यात काम करतात. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ‘हे आपल्यातले दिसत नाहीत’ असा शेरा कधी कधी कानी येतो. तो बंद व्हावा, आणि सभासदत्वाच्या अर्जावर भाषेखेरीज दुसरे काही विचारले जाऊ नये, अशी आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे.

कोकणच्या मच्छीमारांस होडीच्या बगलेची उलांडी ठाऊक आहेच. तसेच समतोलाचे लाकूड बांधून ती माणसे अफाट समुद्रात शिरली आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर वस्ती करीत गेली. त्यांच्याविषयी आपल्या वाचनालयात दोनचार चांगली पुस्तके यावीत, एवढी आणखी एक विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.