मनगटावरचा इशारा

स्मार्टवॉचवरची नोटिफिकेशन्स कशी तयार करतात आणि कशी तपासतात, हे सांगायला आकाशवाणीने मला बोलावलंय. तयार करण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण माझा जीव तपासणीत अडकलेला आहे.

अॅपचा निरोप सर्व्हरवरून आधी तुमच्या मोबाईलवर येतो. मोबाईल तो ब्लूटूथने घड्याळाकडे धाडतो आणि मनगट थरथरतं. म्हणजे बहुतेक घड्याळं खिशातल्या मोबाईलच्या भरवशावर चालतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्या ऊर्जानगरचं वीज केंद्र घ्या. तिथल्या टर्बाईनजवळ शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही, तिथे रिंगटोन कुठली ऐकू येणार? मनगटावरची थरथर मात्र कळते. किंवा मूल-सावली तालुक्यांकडे भाताची रोवणी चाललीय, मोबाईल बांधावरच्या पिशवीत आणि हातात दीड हजाराचं घड्याळ. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अॅप 20 ते 40 किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असेल तर सावध करतं. तो इशारा त्या बांधीतल्या हातापर्यंत पोचतो का? तपासायचं ते हे.

पहिली गोष्ट मजकूर. 'आपल्या परिसरातील हवामान लक्षात घेता' एवढ्यातच घड्याळाची तबकडी भरते, कामाचं खाली राहतं. 'वीज जवळ. पक्क्या घरात जा.' बस्स, एवढंच लिहा. मग ते मे महिन्याच्या उन्हात, घामेजल्या हाताने वाचून पाहा. एसी खोलीत पाहिलं म्हणजे तपासलं, असं नाही.

दुसरी गोष्ट आपली देवनागरी. कित्येक स्वस्त घड्याळांत मराठी निरोपाच्या जागी नुसते चौकोन उमटतात. काहींत अक्षरं येतात, पण 'पक्क्या'मधलं जोडाक्षर सुटं पडतं, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाते. इंग्रजीत तपासून मोकळं होणाऱ्याला हे कधी दिसतच नाही. माझे विद्यार्थीसुद्धा हेच करतात, म्हणून पुन्हा सांगतो: मराठी माणसासाठी निरोप असेल, तर तो मराठीतच तपासा.

तिसरी गोष्ट उशीर. बांधावरच्या मोबाईलपासून लांब गेलात की ब्लूटूथ तुटतं. अर्ध्या तासाने जवळ आलात की जुना इशारा ताज्यासारखा थरथरू शकतो. म्हणून तपासताना ब्लूटूथ बंद करून इशारा पाठवायचा, थांबायचं, मग जोडायचं. शिळा झालेला इशारा आपोआप पुसला गेला पाहिजे.

आणि तुम्हालाही थोडं रागावतो. सवलतींच्या जाहिरातींना कंटाळून तुम्ही सगळीच नोटिफिकेशन्स बंद करता, त्यात दामिनीही जाते. सेटिंगमध्ये एकेका अॅपचं वेगळं बटण असतं. दुकानांची बंद करा, दामिनीची राहू द्या.

वेळ संपल्याची खूण होतेय. आज घरी एक करून पाहा. मोबाईल आत ठेवा, घड्याळ घालून अंगणात जा, आणि कुणाला तरी मराठीत निरोप पाठवत राहायला सांगा. किती पावलांवर थरथर थांबते, ते मोजा.